श्वास रोखायचा नाही : जलतरण तलावातील स्कूबा-सराव आणि आपली मुले

आपण दख्खनच्या पठारावरची माणसे. समुद्र ही आपल्यासाठी रात्रभर प्रवास करून गाठायची गोष्ट. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांना पोहता येत असे, त्यांतले बहुतेक गावाकडच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेले असत. नंतरच्या पिढीला नगरपालिकेचे जलतरण तलाव मिळाले. आज अंबरपेठ, काचीगुडा, बरकतपुरा या परिसरांतील मराठी घरांमधली मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा तलावांत पोहायला शिकतात, आणि अलीकडे त्यांतली काही पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून तलावाच्या तळाशी बसायलाही शिकू लागली आहेत. पुढे मालवण, गोवा किंवा अंदमानची सहल ठरलेली असते आणि तिची ही पूर्वतयारी असते.

या निमित्ताने बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर एक नवा कागद येऊ लागला आहे : स्कूबासाठी मूल तंदुरुस्त असल्याचा दाखला. शाळेच्या सहलीचा किंवा क्रिकेट-शिबिराचा दाखला आपण ज्या सहजतेने देतो, त्याच सहजतेने हाही द्यावा अशी पालकांची अपेक्षा असते. "डॉक्टर, समुद्रात नाही हो, इथल्या तलावातच आहे. सहासात फूट पाणी. सही तेवढी करून द्या," असे एका आईने अगदी विश्वासाने सांगितले. सोबत आलेल्या आजोबांनी कौतुकाने भर घातली, "प्राणायामाची सवय आहे त्याला. माझ्यापेक्षा जास्त वेळ श्वास कोंडून धरतो!" त्या दोन वाक्यांत या विषयातले दोन्ही मोठे गैरसमज एकत्र आले होते. एक, उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी. दुसरा, पाण्याखाली जाणे म्हणजे श्वास रोखणे. वैद्यकबंधूंनाही या दोन गोष्टींची उजळणी उपयोगी पडेल, कारण आपल्या अभ्यासक्रमात पाण्याखालच्या शरीरशास्त्राला फारशी जागा कधी नव्हती.

प्रथम साधनाविषयी. स्कूबा हा शब्द पाण्याखाली श्वसनाच्या स्वयंपूर्ण साधनाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून झाला आहे. तो रूढ करण्याचे श्रेय डॉ. ख्रिश्चन लॅम्बर्टसन या अमेरिकन वैद्याला देतात. आज सर्वत्र वापरले जाणारे साधन मात्र १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी सिद्ध केलेल्या यंत्राचे वंशज आहे. त्यातली खरी करामत सिलिंडरात नसून तोंडात धरायच्या रेग्युलेटरमध्ये आहे. एखादी लांब नळी पाण्याबाहेर काढून मीटरभर खोलीवर श्वास घेऊन पाहावा. घेता येत नाही. छातीवर पाण्याचा दाब असतो आणि नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्या दाबाची असते, त्यामुळे श्वसनाचे स्नायू हरतात. रेग्युलेटर ही अडचण दूर करतो. माणूस ज्या खोलीवर असेल त्या खोलीच्या दाबाची हवा तो प्रत्येक श्वासाबरोबर पुरवतो. म्हणून तळाशी बसलेल्या मुलाला श्वास घेणे जवळजवळ घरच्यासारखे सोपे वाटते. हा सोपेपणाच फसवा आहे. त्याच्या फुप्फुसात भरलेली हवा आता दाबलेली हवा आहे, आणि वर येताना ती फुगणार आहे.

बॉइलचा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला होता. तापमान स्थिर असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. आता गंमत पाहा. तीस मीटरवरून वीस मीटरवर येताना दाब चारचा तीन होतो, म्हणजे हवा एक-तृतीयांशाने फुगते. तेवढीच, अगदी तेवढीच, एक-तृतीयांश वाढ केवळ ३.३ मीटरवरून पृष्ठभागावर येतानाही होते. समुद्रातला अनुभवी पाणबुड्या दहा मीटर चढून जेवढा बदल सोसतो, तेवढा बदल आपले मूल तलावाच्या खोल टोकाकडून तीन-साडेतीन मीटर वर येताना सोसते. बदलाचे प्रमाण सर्वांत मोठे असते ते पृष्ठभागाजवळच्या पहिल्या काही मीटरांत, आणि सरावाचा तलाव नेमका त्याच पट्ट्यात असतो.

एखाद्या मुलाच्या पूर्ण भरलेल्या फुप्फुसात अडीच लिटर हवा आहे असे धरू. तीन मीटर खोलीवर सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतला, घाबरून तोंड मिटले आणि पायाने तळ ढकलून ते वर आले, तर पृष्ठभागावर त्या हवेला सव्वातीन लिटर जागा हवी. ती जागा छातीत नसते. भरलेल्या फुप्फुसात बाहेरच्यापेक्षा साधारण एक मीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब अधिक झाला की वायुकोशांच्या भिंती फाटू शकतात. तेथून हवा तीन वाटांनी जाते : फुप्फुसावरणात, छातीच्या मध्यभागातून मानेच्या त्वचेखाली, किंवा फुप्फुसशिरांतून हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तेथून मेंदूच्या रोहिण्यांत. तिसरी वाट सर्वांत भयंकर. पृष्ठभागावर येताच किंवा पुढच्या काही मिनिटांत मूल बेशुद्ध होते, झटके येतात, एक बाजू लुळी पडते. हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून निसटण्याच्या प्रशिक्षणात, दाबलेली हवा घेऊन केवळ एक मीटर वर आल्यावर मेंदूत वायूचे बुडबुडे गेल्याचा रुग्ण १९९६ मध्ये विमानवैद्यकाच्या नियतकालिकात नोंदलेला आहे. एक मीटर म्हणजे आपल्या तलावाचा उथळ भाग, जिथे पालक काठावर निर्धास्त बसलेले असतात.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम श्वास कधीही न रोखण्याचा आहे. श्वास सतत, संथ चालू ठेवायचा. रेग्युलेटर तोंडातून निघालाच तर ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. वर येताना हवा संपली असेल तर 'आऽऽ' असा आवाज काढत यायचे, म्हणजे स्वरयंत्र उघडे राहते आणि फुगणारी हवा बाहेर पडते. येथे आजोबांच्या कुंभकाची आठवण होते. प्राणायामाविषयी मला आदर आहे, पण तो आसनावर करायचा. पोहायला शिकतानाही पहिला धडा दम कोंडून पाण्यात डोके घालण्याचा असतो. ज्या मुलाने चार उन्हाळे हीच सवय अंगी मुरवली, त्याला संकटाच्या क्षणी नेमकी तीच सवय सुचणार. चांगला जलतरणपटू म्हणजे स्कूबासाठी आपोआप तयार, असे म्हणूनच मानता येत नाही. तलावातल्या सरावाचा मोठा भाग खरे तर ही जुनी सवय मोडण्याचा असतो. तळाशी गुडघे टेकून रेग्युलेटर काढणे, पुन्हा शोधून तोंडात घेणे, मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घेणे, या सगळ्या कृतींत एकच गोष्ट पुनःपुन्हा घोटली जाते : गडबड झाली तरी श्वास वाहता ठेवणे.

असा सराव कसा असावा याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे तारकर्ली. मालवणजवळच्या या गावी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा-प्रशिक्षणाची संस्था उभी केली आणि तेथे सुमारे आठ मीटर खोलीचा खास तलाव बांधला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात पर्यटकांना हात धरून काही मिनिटे खाली नेणे आणि माणसाला पाणबुडा म्हणून घडवणे यांत फरक आहे, हे असा तलाव पाहिला की उमगते. आपल्या शहरातले सार्वजनिक तलाव पोहण्यासाठी बांधलेले आहेत. तेथे सराव करू नये असे मी म्हणणार नाही. समुद्राच्या लाटेत पहिल्यांदा मुखवट्यात पाणी शिरण्यापेक्षा ते स्वच्छ, स्थिर, तळ दिसणाऱ्या पाण्यात शिरलेले बरे. मात्र सार्वजनिक तलावाचे काही खास धोके आहेत, त्यांकडे पुढे वळतो. त्याआधी कानाविषयी लिहिले पाहिजे, कारण फुप्फुसाचा अपघात विरळा आणि कानाचा रोजचा.

एक मीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे सुमारे ७४ मिलिमीटर. मध्यकर्णातला दाब बाहेरच्यापेक्षा साठ मिलिमीटरने कमी पडला की आतली श्लेष्मल त्वचा सुजू लागते. नव्वदच्या आसपास कंठकर्णनलिका जणू कुलूप लागल्यासारखी मिटते आणि मग कितीही जोर केला तरी उघडत नाही. कानाचा पडदा शंभर मिलिमीटरच्या पुढे केव्हाही फाटू शकतो, काहींचा बराच पुढे. खोलीत सांगायचे तर सव्वा मीटरनंतर कोणाचीही खात्री नाही. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकण्याची क्रिया कान दुखण्यापूर्वी, पाण्यात शिरताक्षणी आणि दर अर्ध्या मीटरला करायची असते. मुलांची नलिका आखूड आणि आडवी, शेजारी वाढलेले ॲडिनॉइड, आणि शाळेतून आणलेली सर्दी कायमची पाहुणी. सर्दी असताना नाकात थेंब घालून मुलाला पाण्यात धाडणे हा पालकांचा आवडता उपाय आहे. थेंबांचा परिणाम तळाशी असताना उतरला तर मध्यकर्णातली फुगणारी हवा वर येताना अडकते. सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसावे, एवढे सोपे उत्तर असताना त्यावर इतका वाद का होतो हे मला कळत नाही. फी भरलेली असते, हेच बहुधा कारण.

येथे थोडे विषयांतर. ज्या १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले, त्याच साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्यांनी किती टप्प्यांनी वर यावे याची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके प्रसिद्ध केली. त्या संशोधनाच्या काळात, १९०६ मध्ये, हॉल्डेनसाहेबांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरवले. पोशाख मोठ्यांच्या मापाचा, मनगटाशी सैल. आत पाणी शिरत गेले. मुलगा सुखरूप वर आला. पुढे तोच जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून जगाला ठाऊक झाला, दुसऱ्या महायुद्धात दाबाचे प्रयोग स्वतःवर करून कानाचे पडदे फोडून घेतले, १९५७ मध्ये भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तला. शास्त्रज्ञ पित्याचे हे धाडस आज कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणार नाही. पण मोठ्यांचे साधन मुलाच्या अंगावर चढवण्याचा प्रकार संपलेला नाही. प्रचलित ॲल्युमिनियमचे सिलिंडर चौदा-पंधरा किलोचे असते आणि दहा वर्षांच्या मुलाचे वजन बहुधा तीस किलोच्या आत. जाकीट सैल, मुखवटा गळका, दातांत धरायचा रबरी भाग मोठा, आणि जबडा दुखला की मूल तो सोडून देते. साधने मुलांच्या मापाची आहेत का, हा प्रश्न पालकांनी फी विचारण्यापूर्वी विचारावा.

आता दाखल्याकडे. पॅडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणसंस्थेच्या नियमाप्रमाणे आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तलावात दोन मीटरपर्यंतचा अनुभव देता येतो. प्रत्यक्ष पाणबुड्याचे कनिष्ठ प्रमाणपत्र दहाव्या वर्षापासून आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरची मर्यादा. हे वय म्हणजे परवानगीची खालची रेषा आहे. कोणते मूल तयार आहे हे जन्मतारखेवरून ठरत नाही. मी मुलाला बॉइलचा नियम विचारत नाही, पण "वर येताना काय करायचे आणि का?" हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावतो. "सर म्हणतात म्हणून" एवढेच उत्तर आले तर आणखी एक वर्ष थांबायला सांगतो. आग्रह मुलाचा आहे की वडिलांचा, हेही पाहण्यासारखे असते. ते पाहायला वडिलांना क्षणभर बाहेर बसवावे लागते.

इतिहास घेताना बालरोगतज्ज्ञाची फाइल इतरांपेक्षा अधिक बोलते. तान्हेपणी स्टॅफिलोकॉकसचा न्यूमोनिया होऊन फुप्फुसात हवेच्या पोकळ्या झाल्या होत्या, छातीत नळी घातली होती, पू काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती, अकाली जन्मामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले होते, क्षयाचे उपचार झाले होते, हे पालक अकरा वर्षांनी प्रामाणिकपणे विसरलेले असतात. आपोआप छातीत हवा शिरण्याचा इतिहास असेल तर दाखला नाही, तलावासाठीही नाही. फुप्फुसातल्या पोकळ्या किंवा गाठी उरल्या असतील तरी नाही. जिथे शंका आहे तिथे छातीतज्ज्ञाचे मत आणि प्रतिमा पाहिल्याखेरीज सही करू नये.

दमा हा खरा पेच, कारण आपल्या शहरात दमेकरी मुले भरपूर. ज्या श्वासनलिकेत हवा अडकते, तिच्यामागची हवा वर येताना बाहेर पडू शकत नाही. शिवाय सिलिंडरची हवा अत्यंत कोरडी असते, आणि कोरडी हवा, थंड पाणी, श्रम व भीती ही चारही दम्याला चेतवणारी कारणे तलावात एकत्र भेटतात. पूर्वी दमा म्हटले की सरसकट नकार असे. आता नियंत्रणात असलेल्या प्रौढांना काही देशांत अटींसह परवानगी मिळते. त्यांत थंडी, श्रम वा भावनिक ताण यांनी दमा उफाळणारा नसावा ही प्रमुख अट आहे. मुलांच्या बाबतीत माझे मत कडक आहे. गेल्या वर्षभरात पंप लागला असेल, किंवा धावल्यानंतरची श्वसनचाचणी बिघडत असेल, तर मी सही करत नाही. त्याला पोहू द्यावे, खूप पोहू द्यावे. पोहणे दमेकरी मुलांना मानवते. नकार फक्त दाबलेल्या हवेला आहे.

अपस्मार असेल तर नकार. पाण्याखाली झटका आला तर रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि पुढचे सांगायला नको. कानात ग्रोमेट असेल किंवा पडद्याला भोक असेल तर नकार. हृदयात जन्मजात दोष असेल तर हृदयतज्ज्ञाशी बोलल्याखेरीज काही नाही. तपासताना कानात दुर्बिणीने पाहत असताना मुलाला नाक धरून फुंकायला सांगावे आणि पडदा हलतो का ते डोळ्यांनी पाहावे. दोन मिनिटांची ही तपासणी बाकी साऱ्या कागदापेक्षा मोलाची आहे. तलावाच्या पाण्याने होणारा बाह्यकर्णाचा दाह आणि अनेकांच्या तोंडात जाणारे रेग्युलेटर जंतुनाशकात धुण्याची गरज याविषयी आपणांस नवे काही सांगायला नको.

आता सार्वजनिक तलावाची गोष्ट. स्कूबाचा सराव आणि सर्वसाधारण पोहणे एकाच वेळी, एकाच पाण्यात चालू असते, तेव्हा मला सर्वांत भीती वाटते ती सराव करणाऱ्या मुलाची नव्हे, तर वरून पाहणाऱ्या त्याच्या मित्राची. मित्र सूर मारून तळाशी येतो. खाली बसलेला मुलगा मोठ्या दिलाने आपला जादा रेग्युलेटर पुढे करतो. मित्र एक खोल श्वास घेतो, गंमत वाटते, गाल फुगवून दम कोंडतो आणि सुर्रकन वर निघतो. या दुसऱ्या मुलाने प्रशिक्षण घेतलेले नाही, दाखला दिलेला नाही, त्याच्या पालकांना ठाऊकही नाही. आणि वर सांगितलेला सगळा प्रकार त्याच्या छातीत घडायला एकच श्वास पुरे. पाण्याखाली कोणालाही आपली हवा 'चाखायला' द्यायची नाही, हे स्कूबा शिकणाऱ्या मुलांना बजावलेच पाहिजे, आणि सरावाची वेळ व जागा दोरीने वेगळी केली पाहिजे. तलावाच्या व्यवस्थापनाकडे पालकांनी एकत्र जाऊन आग्रह धरावा अशी ही एकच मागणी असेल तर ती हीच.

याच तलावांत सिलिंडराशिवाय चालणारा दुसरा खेळ आहे : पाण्याखालून एका दमात कोण लांब जाते याची पैज. त्याआधी मुले जोरजोराने दहावीस श्वास घेतात. त्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कर्बद्विप्राणिल वायू मात्र घटतो. श्वास घ्यावासा वाटतो तो याच वायूच्या वाढीमुळे. ती सूचना उशिरा येते आणि तोवर प्राणवायू इतका उतरतो की मूल धडपड न करता, हातपाय न मारता शुद्ध हरपते. काठावरून ते शांतपणे पोहत असल्यासारखे दिसते. या खेळाने स्कूबापेक्षा अधिक मुले दगावतात असे माझे ठाम मत आहे, कारण तो खेळायला दाखला, फी, साधन, काहीच लागत नाही.

अपघात झालाच तर डॉक्टरांनी ध्यानात ठेवायचे ते थोडे आहे. दाबलेली हवा घेतलेला कोणीही पृष्ठभागावर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत बेशुद्ध झाला, झटके आले, बोलणे वा चालणे बिघडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो मेंदूतला वायू समजावा, तलाव कितीही उथळ असो. आडवे निजवावे, शंभर टक्के प्राणवायू द्यावा आणि उच्च दाबाच्या प्राणवायूकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी वाटेतच बोलणे सुरू करावे. झटके थांबले, मूल शुद्धीवर आले म्हणून घरी पाठवू नये. अशी सुधारणा होऊन पुन्हा खालावल्याचे अनुभव आहेत. मानेला हात लावून त्वचेखाली हवेची करकर लागते का पाहावे, आवाज बदलला आहे का विचारावे. बुडालेल्या आणि श्वास थांबलेल्या मुलाला छाती दाबण्यापूर्वी पाच श्वास तोंडाने द्यावेत. प्रौढांच्या हृदयविकारासाठी शिकवला जाणारा केवळ छाती दाबण्याचा प्रकार येथे अपुरा आहे. काठावर प्राणवायूचे सिलिंडर आणि मुलांच्या मापाचा मुखवटा आहे का, हे पहिल्याच दिवशी जाऊन पाहून यावे. स्कूबा शिकवणाऱ्यांकडे ते नसेल तर तेथे मूल पाठवू नये.

जाता जाता, एक खूण मुलांना घरीच शिकवून ठेवण्यासारखी आहे. अंगठा वर केला की आपल्याकडे 'छान, सगळे ठीक' असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचे आहे' असा आहे. 'ठीक आहे' हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, थेट ज्ञानमुद्रेसारखा. तळाशी मजेत बसलेला मुलगा शिक्षकाला उत्साहाने अंगठा दाखवतो आणि शिक्षक त्याला धरून वर आणतो, असे पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीत एकदा तरी घडते. मुले हसतात. खूण लक्षात राहते.